टेलव्हीलचं जुनं बायप्लेन: उतरवायचं कसं, आणि मोडलेल्याची किंमत करायची कशी

आपल्या भागातले बहुतेक नवे वैमानिक सेसना १७२ किंवा तसल्याच, पुढे चाक असलेल्या विमानावर शिकून येतात. लायसन्स हातात आलं की काहींना जुन्या बायप्लेनचा, म्हणजे वर-खाली दोन पंख आणि पुढच्याऐवजी शेपटीला चाक (टेलव्हील) असलेल्या विमानाचा, नाद लागतो. टायगर मॉथ, स्टिअरमन, ब्युकर युंगमान ही त्यातली नेहमीची नावं. परदेशात तासावर उडवायला मिळतात, आणि कधीतरी एखादं मोडलेलं विमान स्वस्तात विकायला निघाल्याचंही कानावर येतं. हा लेख या दोन्हींसाठी आहे.

दोन्ही विषय एकत्र घेण्याला कारण आहे. जुनी बायप्लेन मोठ्या संख्येने मोडतात ती हवेत नाही, तर टेकल्यानंतरच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये. ती कोणत्या क्रमाने मोडतात हे वैमानिकाला कळलं की पाय जागे राहतात. घेणाऱ्याला कळलं की कापडाच्या आत नेमकं कुठे पाहायचं ते समजतं.

१. आधी विमान ओळखा

टेलव्हीलच्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. सरळ चाललंय तोवर ठीक. जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे जायला बघतं आणि तिरकेपणा वाढवत नेतं. उसाची ट्रॉली रिव्हर्स घेताना ती एकदा वाकडी झाली की आणखी वाकडी होत जाते, तसंच. पुढे चाक असलेलं विमान आपणहून सरळ होतं, हे होत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं १९३१ साली. जिप्सी मेजर इंजिन, चार सिलिंडर, उलटं बसवलेलं, १३० अश्वशक्ती. भरलेलं जास्तीत जास्त वजन ८२८ किलो. सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा, पंखांतले मुख्य दांडे म्हणजे स्पार स्प्रूस लाकडाचे, वरून कापड आणि ते ताणून घट्ट करणारा डोपचा लेप. एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या फळ्या) फक्त खालच्या पंखांना, पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध. फ्लॅप (उतरताना खाली करायच्या पंखाच्या फळ्या) नाहीत. मूळ ब्रिटिश विमानाला ब्रेकही नाहीत आणि शेपटीला चाकाऐवजी जमिनीवर घासत जाणारा लोखंडी स्किड. कॅनडात बनलेल्या ८२सी प्रकाराला मात्र ब्रेक आणि टेलव्हील दोन्ही होते. स्टिअरमन याहून बरंच जड, २२० अश्वशक्तीचं, ब्रेक असलेलं.

इथे पहिला सापळा. अमेरिकन इंजिनं वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात, म्हणून पॉवर दिल्यावर नाक डावीकडे जातं आणि उजवा पाय लागतो, कारण शेपटीचं सुकाणू म्हणजे रडर पायाने चालतं. जिप्सी मेजर उलट फिरतं. टायगर मॉथचं नाक उजवीकडे जातं, डावा पाय लागतो. सेसनावर शेकडो तास केलेला पाय गो-अराउंडच्या (लँडिंग सोडून पुन्हा वर जाण्याच्या) घाईत नेमका चुकीच्या बाजूला जातो. जमिनीवर बसून, डोळे मिटून, "पॉवर, डावा पाय" हे अंगात मुरेपर्यंत करा.

२. जवळ काय काय हवं

- लायसन्स, वैध मेडिकल, लॉगबुक, आणि टेलव्हीलचं प्रशिक्षण झाल्याची प्रशिक्षकाची सही. अमेरिकेत यासाठी वेगळं एंडोर्समेंट आहे, ब्रिटनमध्ये फरकाचं प्रशिक्षण म्हणतात.
- त्याच विमानाची हस्तपुस्तिका. त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाची चालत नाही.
- विमानाची नोंदणी, एअरवर्दीनेसचे कागद, विमा, वजनाचा तक्ता, सांगाडा आणि इंजिन दोन्हींची लॉगबुकं.
- हातातला रेडिओ आणि जास्तीची बॅटरी. बऱ्याच जुन्या विमानांत वीजच नसते, आणि चिकलठाणा किंवा नांदेडसारख्या विमानतळावर रेडिओशिवाय काम भागत नाही.
- पंखाचं टोक धरून चालणारा एक शिकवलेला माणूस. बिनब्रेकच्या विमानासाठी ही चैन नाही, गरज आहे.
- चाकाला लावायचे ठोकळे, बांधायचे दोर, पिटो नळीचं (वेगमापकाला हवा देणाऱ्या नळीचं) टोपण.

टोपण बारीक गोष्ट वाटते. पण आपल्याकडे कुंभारमाशी दोन-तीन दिवसांत नळीच्या तोंडात मातीचं घरटं करते. मग वेगमापक शून्य दाखवतो, किंवा त्याहून वाईट, चुकीचा वेग दाखवतो. टाकीच्या हवेच्या नळीचंही तेच.

३. जागा आणि वेळ

मराठवाड्यात उडायचं तर सकाळ. सूर्य उगवल्यापासून साधारण नऊपर्यंत. एप्रिल-मेमध्ये दहानंतर जमीन तापते, वावटळी उठतात आणि वाऱ्याची दिशा टेकताटेकता बदलते. वळवाचे ढग दिसले तर त्या दिवशी विमान हँगरबाहेर काढूच नका. ढगाच्या पुढून सुटणारा वाऱ्याचा झोत आठशे किलोचं कापडी विमान उभ्या जागी उलटं करू शकतो.

उन्हाचा दुसरा परिणाम कमी लोकांच्या लक्षात येतो. चिकलठाण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट. तिथे ४० अंश तापमानाला हवा जवळजवळ ५,४०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. मापकावर ५५ नॉट असतील तेव्हा हवेतला खरा वेग ६०च्या घरात असतो. जमीन झपाट्याने मागे जाताना दिसते, मनाला वाटतं वेग जास्त आहे, आणि हात नकळत विमान हळू करतो. ते करू नका. मापकावरचाच वेग पाळा, आणि टेकल्यावर धाव पंधरा-वीस टक्के लांबेल हे धरून चला. गो-अराउंडचा निर्णयही लवकर घ्या. १३० अश्वशक्ती त्या हवेत फार थोडी चढाई देते.

चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, पश्चिमेच्या वाऱ्याला ती सोयीची. लांबी तर बायप्लेनला कितीतरी पटींनी पुरते. अडचण लांबीची नाही, डांबराची आहे. स्किडचं विमान डांबरावर उतरवू नका. गवतावर स्किड जमीन धरतो, ब्रेकचं काम करतो आणि शेपूट मागे ठेवतो. डांबरावर तो नुसता घसरतो आणि झिजतो. धावपट्टीच्या कडेच्या गवतावर परवानगीशिवाय उतरायचं नसतं, म्हणून स्किडचं विमान असेल तर आधी टेलव्हील आणि ब्रेकचा मंजूर बदल करून घ्या.

आणि शेत? काळ्या रानात कधीच नाही. पावसाळ्यात ते चाक धरून ठेवतं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्हीत परिणाम एकच, विमान नाकावर. मुरमाची दाबून घेतलेली पट्टी चालते, पण खडे वेचून घ्या. लाकडी पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) कडेला एक खडा पुरतो.

४. अप्रोच

वेगमापक मैलात आहे की नॉटमध्ये, हे इंजिन सुरू करण्याआधी बघा. जुन्या विमानांत दोन्ही सापडतात. ६० मैल म्हणजे फक्त ५२ नॉट.

टायगर मॉथ साधारण ५५ ते ६० नॉटवर आणतात, स्टिअरमन ७५ ते ८० मैलांवर. नेमका आकडा तुमच्या हस्तपुस्तिकेतला. वरच्या पंखाला स्लॅट (पुढच्या कडेच्या, कमी वेगात उघडणाऱ्या पट्ट्या) असतील तर ते मोकळे केलेत ना, हे बघा. उंची जास्त झाली तर फ्लॅप नाहीत, म्हणून साइडस्लिप, म्हणजे विमान तिरकं धरून उंची घालवणं. एक पंख खाली, उलटा रडर, नाक जरा खाली. जमिनीच्या बऱ्यापैकी वर असतानाच सरळ व्हा. स्लिप सोडल्यावर विमान स्थिरावायला क्षण-दोन क्षण लागतात.

बायप्लेनला तारा, खांब, दोन पंख यांचा ओढा प्रचंड. थ्रॉटल बंद केलं की वेग सेसनासारखा तरंगत राहत नाही, पडतो. सवयीने उंचावर फ्लेअर केला (टेकण्यासाठी नाक उचललं) तर विमान तिथेच थकतं आणि आपटतं. सुरुवातीला थोडी पॉवर ठेवून या.

५. तीन चाकांवर टेकवणं

शिकताना तिन्ही चाकं एकदम टेकवायची पद्धत आधी पक्की करा. त्यात वेग सगळ्यात कमी असतो, आणि ज्या विमानात वेग कमी त्यात मोडतोडही कमी.

जमिनीपासून चार-पाच फुटांवर स्टिक हळूहळू मागे. नाक वर आलं की पुढचं काही दिसत नाही, आणि ते तसंच असतं. नजर समोर लावून बसू नका. दोन्ही बाजूंना पट्टीच्या कडा किती दिसतात त्यावर सरळपणा ठरवायचा. एका बाजूची कड वाढली म्हणजे नाक दुसऱ्या बाजूला चाललंय. विमान खाली यायला बघेल, तुम्ही त्याला खाली येऊ देत नाही असं स्टिक मागे घेत राहा. स्टिक पोटाला लागताना तिन्ही चाकं एकदम टेकली की झालं.

टेकताना नाक प्रवासाच्या दिशेने हवं, आणि बाजूला सरकणं शून्य. क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) वाऱ्याकडचा पंख खाली धरा, उलट्या रडरने नाक सरळ ठेवा, आणि त्या बाजूचं चाक आधी टेकू द्या. पहिल्या पंधरा-वीस लँडिंगपर्यंत पाच नॉटपेक्षा जास्त क्रॉसविंड घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन.

उसळी आली तर स्टिक पुढे ढकलू नका. तसं केलं की पुढची उसळी आणखी मोठी येते आणि तिसरीत पंखा जमिनीला लागतो. छोटी उसळी असेल तर तीच स्थिती धरून ठेवा, मोठी असेल तर सरळ गो-अराउंड.

व्हील लँडिंग, म्हणजे आधी फक्त पुढची चाकं, हे नंतर शिका. वाऱ्याचे झटके असतील तेव्हा उपयोगी आहे. पण बिनब्रेकच्या विमानात शेपूट खाली येण्याच्या सुमारास रडरवरची हवा कमी होते आणि काही क्षण कशाचाच ताबा राहत नाही.

६. टेकल्यानंतर

लँडिंग इथे सुरू होतं, असं समजा. नव्या माणसाचं टेकणं चांगलं झालं की तो सैल पडतो, आणि विमान वीस नॉटवर फिरतं.

- स्टिक पूर्ण मागे, थांबेपर्यंत. शेपटीवरचं वजन म्हणजेच दिशेवरचा ताबा.
- पाय सतत हलते. छोटा दाब, लगेच परत, पुन्हा छोटा. नाक हललेलं दिसल्यावर मोठा पाय मारला तर उशीर झालेला असतो आणि नाक दुसऱ्या बाजूला उडतं.
- एलेरॉन वाऱ्याकडे. वेग कमी होईल तसं ते वाढवत न्यायचं, सोडायचं नाही.
- ब्रेक असले तरी जपून, दोन्ही सारखे. एकदम दाबले तर नाकावर.
- वळायचं ते चालण्याच्या वेगाला आल्यावर. पट्टी सोडायची घाई करू नका, मागे प्रवासी विमान असेल तर एटीसीला (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला) आधीच सांगून ठेवा की जास्त वेळ लागेल.

टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, नागमोडी चाला, कारण पुढचं दिसत नाही. मागून तिरका वारा असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्यापासून दूरच्या बाजूला. इंजिन बंद, स्विच बंद, ठोकळे लागले, मग पट्टे सोडा.

७. ग्राउंड लूप झालाच तर

ग्राउंड लूप म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरणं. झाला तर आधी पेट्रोल बंद, स्विच बंद, बाहेर. उलटं झालं असेल तर पट्टा सोडण्याआधी एक हात वर टेकवा, नाहीतर मानेवर पडाल. टाकी डोक्याशी आहे, गळती धरूनच चला.

मग विमान हलवू नका. अपघाताची माहिती एएआयबी (विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) आणि डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं कार्यालय) यांना द्यावी लागते. माणसं बाहेर काढणं, आग टाळणं अशी कारणं सोडून अवशेष परवानगीशिवाय हलवता येत नाहीत. चारही बाजूंनी फोटो घ्या, चाकांच्या आणि पंखाच्या टोकाच्या खुणा मोजपट्टी ठेवून टिपा. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. या खुणा पुढे किंमत ठरवताना पुन्हा लागतात. चाक किती आडवं घसरलं, यावरून सांगाड्याला किती मार बसला ते कळतं.

८. मोडलेलं विमान तपासायचं कसं

आता घेणाऱ्याच्या बाजूने. विकणारा म्हणेल, "फक्त पंखाचं टोक घासलंय." शक्य आहे. पण जोर कुठून कुठे गेला ते क्रमाने बघा.

*पंखाचं टोक आणि खालचा स्पार.* ग्राउंड लूपमध्ये बाहेरच्या बाजूचा खालचा पंख टेकतो. टोकाचं लाकूड मोडणं किरकोळ. पण जमिनीचा धक्का वर आणि मागे जातो, आणि स्पार दोन ठिकाणी ताण घेतो: दोन पंखांमधला खांब जिथे बसतो तिथे, आणि पंख सांगाड्याला जिथे जोडतो तिथे. बाहेरून खूण म्हणजे कापडावर तिरक्या सुरकुत्या आणि डोपला बारीक गोल तडे. सुरकुत्या म्हणजे आतल्या ताण-तारा सैल झाल्या किंवा फासळ्या सरकल्या.

स्प्रूसमधली दाबाची चीर सगळ्यात फसवी. लाकूड तुटलेलं दिसत नाही. रेषांना आडवी, केसासारखी फिकट ओळ असते. कापड काढून, लाकूड स्वच्छ करून, टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवा उजेड टाकला तरच ती सावलीसारखी उमटते. समोरून उजेड टाकला तर दिसत नाही. ही चीर असलेला स्पार वापरता येत नाही.

*पायांचे जोड.* चाकाचा पाय वाकला असेल तर तो बदलता येतो. त्याचा जोर सांगाड्यात जिथे शिरतो तिथल्या नळ्या आणि वेल्ड बघा. रंग खवल्यांसारखा सुटला असेल तर आत नळी वाकली आहे. सांगाड्याचे कर्ण दोऱ्याने मोजा, दोन्ही सारखे यायला हवेत.

टायगर मॉथमध्ये आणखी एक जागा आहे: खालच्या दोन्ही पंखांना सांगाड्यातून जोडणाऱ्या आडव्या स्टीलच्या सळया. २०१३ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये एका टायगर मॉथचा डावा पंख हवेत सुटला. त्या सळया आट्यांपाशी आधीपासून चिरत गेलेल्या होत्या. मोडलेल्या विमानात या सळया तपासून पुन्हा बसवायच्या नसतात, मंजूर उत्पादकाच्या नव्याच घ्यायच्या.

*पंखा आणि इंजिन.* इंजिन चालू असताना पंखा जमिनीला लागला असेल तर इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय त्याची किंमत धरू नका. लाकडी पंखा चुरा होतो आणि थोडा धक्का स्वतः खातो, धातूचा पंखा धक्का थेट क्रँकशाफ्टला देतो. क्रँकची फिरकी डायल गेजवर आणि चिरा चुंबकीय तपासणीत बघतात. "हाताने फिरवलं, छान फिरतं" याला काही अर्थ नाही.

*उलटं झालेलं.* मग रडर, उभा शेपटीपंख, वरचा पंख, मधला भाग, टाकी, खांब असं सगळं यादीत येतं. वाकलेल्या चपट्या तारा सरळ करून वापरत नाहीत.

*उघड्यावर पडून असलेलं.* आपल्या हवेत हे अपघाताहून वाईट ठरू शकतं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, जुना सरस सुटतो. जोडांवर नखाने किंवा नाण्याने ठोकत जा. ठणठणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर जोड सुटलाय. पुरात भिजलेल्या किंवा आगीतून निघालेल्या विमानाचं लाकूड शून्य किमतीचं धरा. आगीतल्या स्टीलचीही ताकद गेलेली असते.

९. किंमत

सगळ्यात आधी कागद. सांगाड्यावरची पाटी, तिच्यावरचा क्रमांक, नोंदणी आणि लॉगबुकं एकमेकांशी जुळली पाहिजेत. पूर्ण कागद असलेलं चुरगाळलेलं विमान हे कागद नसलेल्या देखण्या विमानापेक्षा जास्त किमतीचं असतं. लाकूड नवं बनवता येतं, ओळख बनवता येत नाही. कधीकधी पाटी एकाकडे आणि अवशेष दुसऱ्याकडे विकलेले असतात. अशा भानगडीत पडू नका. अपघातानंतर विमा कंपनीने पैसे दिले असतील तर अवशेषांची मालकी तिच्याकडे गेलेली असू शकते, तेव्हा विकणाऱ्याकडून तिचं पत्र मागा.

मग हिशेब. उडत्या स्थितीतल्या तशाच विमानाची किंमत १०० धरा. आकडे फक्त पद्धत कळण्यासाठी:

खालचा एक पंख नव्याने १२, इंजिन उघडून तपासणी आणि भाग २०, पाय आणि जोड ६, नवा पंखा ४, कापड आणि डोप ८, वाहतूक आणि कस्टम १०, तपासणी आणि कागद ५. बेरीज ६५. न दिसलेल्या नुकसानीसाठी यावर किमान चौथा हिस्सा, म्हणजे १६. झाले ८१. उरले १९, आणि त्यातही तुमच्या दोन-तीन वर्षांच्या कष्टांचं काहीच धरलेलं नाही. विकणारा ४० मागत असेल तर उठून या.

चौथा हिस्सा काटायचा मोह होतो. काटू नका. कापड उघडल्यावर यादी वाढतेच.

दुसरा हिशेब सुट्या भागांचा. दुरुस्ती परवडत नसेल तर चांगलं क्रँक, सिलिंडर, मॅग्नेटो, धातूचे जोड, मूळ उपकरणं यांची बेरीज मांडा. मोडलेले लाकडी भागही फेकू नका, नव्यासाठी माप म्हणून लागतात. टायगर मॉथचे नकाशे आणि तांत्रिक सूचना ब्रिटनमधल्या डी हॅविलंड सपोर्ट या संस्थेकडे आहेत. त्यांच्याकडे त्या क्रमांकाच्या विमानाबद्दल आधीच विचारा.

१०. आणायचं असेल तर

पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. इतकं जुनं विमान भारतात नोंदवता येईल का आणि कोणत्या वर्गात, हे डीजीसीएकडून. आणि ते विमान म्हणून येणार, सुटे भाग म्हणून की भंगार म्हणून, हे कस्टम एजंटकडून. शुल्क त्यावर ठरतं, आणि भंगार म्हणून आलेलं पुन्हा विमान म्हणून नोंदवणं फार अवघड होऊन बसतं.

टायगर मॉथचा सांगाडा जवळपास २४ फूट लांब, त्यामुळे वीस फुटी कंटेनरमध्ये बसत नाही. चाळीस फुटी घ्या. पंख काढण्याआधी प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधा: कोणती बाजू, पुढची की मागची, टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा जोड) किती आटे आत. पंख आडवे न रचता पुढच्या कडेवर उभे, गादी लावलेल्या घोडीत. पेटीचं लाकूड धुरी दिलेलं आणि शिक्का असलेलं हवं, नाहीतर न्हावा शेव्याला माल अडकतो. लॉगबुकं कंटेनरमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत आणा, आणि त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.